जुनी बोट घेताय? आधी इंजिनापर्यंत हात पोचतो का बघा

या महिन्यात सेकंडहँड पॉवरबोटबद्दल इतके मेसेज आले की बाकीचे विषय पुढे ढकललेत. सगळ्यांनी विचारलंय कुठल्या कंपनीचं इंजिन, किती हॉर्सपॉवर, किती तास चाललंय. इंजिनाच्या पलीकडच्या बाजूला माणूस जातो का, हे मात्र एकानेही विचारलं नाही. मी सत्तावीस वर्षं बोटींच्या इंजिनात डोकं घालून बसलोय, माझा पहिला प्रश्न तोच असतो.

प्रश्न: आम्ही तीन मित्र मिळून मांडव्याला उभी असलेली २८ फुटी केबिनवाली बोट घ्यायचा विचार करतोय. २००६ चं मॉडेल आहे, ४.३ लिटरची दोन पेट्रोल इंजिनं, मर्क्रूझर अल्फा स्टर्नड्राइव्ह. हॅच उघडून बघितलं, इंजिनं चकाचक, रंग पण नवीन मारलाय. मालकाने स्टार्ट करून दाखवली, लगेच सुरू झाली. अजून काय बघायचं? – वाचक, ठाणे

उत्तर: दादा, रंग नवीन मारलाय हे वाचून मला आनंद नाही झाला. बोटीच्या इंजिनाला रंग मारणं वाईट नाही, पण विकायच्या आधी मारलेला रंग आणि वेळच्या वेळी मारलेला रंग यात फरक असतो, आणि तो ओळखायला होजच्या क्लॅम्पकडे बघायचं. क्लॅम्प, वायर, स्टिकर सगळ्यावरून एकच काळा फवारा गेलेला असेल तर खाली गंज आहे असं धरून चाला.

आता मुख्य गोष्ट. तुमची दोन्ही इंजिनं सारखी आहेत, एकाला उलटं करून बनवलेलं नाही. हे जीएमचे (जनरल मोटर्सचे) व्ही-६ ब्लॉक आहेत, त्यांचा स्टार्टर उजव्या अंगाला, मागे, अगदी खाली असतो. म्हणजे डाव्या इंजिनाचा स्टार्टर येतो दोन इंजिनांच्या मधल्या गल्लीत, तिथे बसून आरामात काढता येतो. उजव्या इंजिनाचा तोच स्टार्टर येतो बोटीच्या भिंतीकडे, मध्ये जागा वीतभर, त्यात बहुतेक बोटींत टाकी नाहीतर बॅटरी नाहीतर मागच्या मालकाने बसवलेला गाण्याचा अ‍ॅम्प्लिफायर. माझ्याकडे अशी बोट आली होती, डावा स्टार्टर तासाभरात बदलला आणि उजव्याला पूर्ण दिवस गेला, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर गोळा करून बाहेर नेणारा डबा) काढल्याशिवाय पानाच लागेना. मालक म्हणाला दोन्हीचं बिल वेगळं कसं, मी म्हटलं साहेब या इकडे, जरा आडवे व्हा.

स्पार्क प्लगचं तसंच. डाव्या इंजिनाची डावी बाजू आणि उजव्या इंजिनाची उजवी बाजू म्हणजे अज्ञातवास, तिथले सहा प्लग कित्येक बोटींत कंपनीतून आलेले तसेच असतात, कारण बिलात "१२ प्लग बदलले" लिहिलं तरी बघायला कोण जातंय. म्हणून मालकाला सांगा, बाहेरच्या बाजूचा एक प्लग काढून दाखव. काढता आला तर उत्तम, त्याचा रंगही बघा. नाही काढता आला, किंवा "ते आम्ही वर्कशॉपला करून घेतो" असं उत्तर आलं, तर तुम्हाला जे कळायचं ते कळलं.

हे मी शहाणपणाने नाही सांगत, स्वतः खड्ड्यात पडून सांगतोय. माझी पहिली बोट घेतली तेव्हा इंजिनाचा आवाज ऐकून खूश झालो होतो, डिझेल होतं, धूर नाही, कंपन नाही. थळच्या समोर खांदेरीच्या जवळ असताना टेंपरेचर वर गेलं. इम्पेलर, म्हणजे थंड करायचं पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी पंखा, गेला असणार हे लगेच कळलं, स्पेअर पण होता पिशवीत. पण पंपाचं झाकण प्लायवूडच्या भिंतीकडे तोंड करून, मध्ये चार बोटं जागा, सहा स्क्रू, त्यातले दोन फक्त आरशात दिसायचे. एक स्क्रू खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या खोलगट जागेत, पडला तो सापडलाच नाही. जे काम धक्क्यावर वीस मिनिटांचं ते चार तासांनी झालं, तोवर भरतीने बोट कुठल्या कुठे नेलेली आणि नांगर टाकून मी देवाचं नाव घेत बसलेलो. घरी आल्यावर पहिलं काम केलं ते त्या प्लायवूडला खिडकी कापली, बिजागऱ्या लावल्या. आधीचा मालक अकरा वर्षं ती बोट वापरत होता, एवढ्या वर्षांत त्याने इम्पेलर किती वेळा बदलला असेल विचार करा.

तर जुना शर्ट घालून जा, टॉर्च, लांब दांड्याचा आरसा, आणि फोन, जिथे डोकं जात नाही तिथे फोन घालून व्हिडिओ काढायचा. मग खरोखर आडवे होऊन हात लावून बघा: दोन्ही डिपस्टिक, दोन्ही ऑइल फिल्टर, पेट्रोल फिल्टर, बेल्ट, बिल्ज पंप, बॅटरीचा स्विच. तिघांत जो बारीक असेल त्याला आत पाठवा. आणि इंजिनाखाली हात घालून ऑइल पॅन चाचपा, पत्र्याचा असतो, बिल्जमधलं खारं पाणी हेलकावे खाऊन त्याला लागत राहिलं की पापुद्रे सुटतात, आणि तो पॅन बदलायला इंजिन वर उचलावं लागतं. पन्नास पैशाचा गंज आणि क्रेनचं भाडं.

अल्फाची एक गोष्ट माहीत असू द्या. याचा पाण्याचा पंप इंजिनावर नसतो, खाली लेगमध्ये (बोटीच्या मागे बाहेर पाण्यात असणाऱ्या, प्रोपेलरच्या भागात) असतो, त्यामुळे इम्पेलर बदलायला बोट पाण्याबाहेर काढावी लागते. मांडवा, रेवस, धरमतरच्या खाडीच्या तोंडाशी पाणी किती गढूळ असतं ते बोट बघायला गेलात तेव्हा दिसलंच असेल, तो गाळ पंपातून फिरतो आणि रबर घासत राहतो, म्हणून तिथल्या बोटीचा इम्पेलर दरवर्षी बदलायचा, दोन वर्षं थांबायचं नाही. बोट बाहेर निघालीच आहे तर लेगचे रबरी भाते बघा, म्हणजे बेलोज. घड्या बोटांनी फाकवून बघायच्या, वरून नवे दिसतात आणि घडीत चीर असते. युनिव्हर्सल जॉइंटवरचा भाता फाटला तर पाणी सरळ बोटीत येतं, रात्री मुरिंगला उभी असलेली बोट सकाळी तळाला जाते ती बऱ्याचदा अशीच.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि त्याच्यावरचा धुराचा पाइप, म्हणजे रायझर, कधी बदलले ते विचारा. खाऱ्या पाण्यात बिडाचे मॅनिफोल्ड साधारण पाच ते सात वर्षं टिकतात, नंतर आतून पातळ होतात आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरतं, मग इंजिनाचं काय होतं ते सांगायला नको. बिल नसेल तर चारही मॅनिफोल्डची किंमत बोटीच्या भावातून वजा करून बोला. समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरतंय का वेगळा हीट एक्स्चेंजर (समुद्राच्या पाण्याने इंजिनातलं वेगळं पाणी थंड करणारा) आहे तेही बघून घ्या, थेट फिरत असेल तर ब्लॉकसुद्धा आतून खाल्ला जातो.

"लगेच सुरू झाली" म्हणालात. पुढच्या वेळी न सांगता अर्धा तास आधी जा आणि ब्लॉकला हात लावा. गरम असेल तर त्याने आधीच फिरवून ठेवलीय. थंड इंजिन कसं उठतं ते बघायचं असतं, गरम तर माझा शेजारी पण लवकर उठतो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, सगळ्या सिलिंडरचं घ्या, एकमेकांत दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, आणि हो, सगळ्या म्हणजे बाहेरच्या बाजूचे सहा पण. मेकॅनिक सहाच आकडे घेऊन आला तर समजून जा.

आणि पेट्रोल आहे म्हणून एवढं लक्षात ठेवा की पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बिल्जमध्ये साचते. स्टार्ट करायच्या आधी चार मिनिटं ब्लोअर (ती वाफ बाहेर काढणारा पंखा) लावायचा, मग नाकाने वास घ्यायचा, मग किल्ली. अमेरिकन बोट असेल तर तशी पाटीच डॅशवर असते. मालकाने दाखवताना ब्लोअर लावला होता का, आठवून बघा.

माझं मत विचाराल तर २८ फुटात दोन पेट्रोल इंजिनं मी घेणार नाही. लोक म्हणतात एक बंद पडलं तर दुसरं आहे, पण दोन्ही एकाच टाकीतलं घाणेरडं पेट्रोल पितात आणि एकाच दिवशी रुसतात. त्याच लांबीत एकच मोठं इंजिन, चारही बाजूंनी माणूस फिरेल असं, मला जास्त भरवशाचं वाटतं. तरी मन बसलं असेल तर घ्या, पण वरचं सगळं करून.

प्रश्न: १५ वर्षं जुनी बोट आणि मीटरवर फक्त ३५० तास! घेऊन टाकू ना? – वाचक, पुणे

उत्तर: ३५० भागिले १५, वर्षाला तेवीस तास. म्हणजे ही बोट चालली नाही, उभी राहिली. उभ्या बोटीत इम्पेलरची पाती वाकलेलीच घट्ट होतात, सील सुकतात, टाकीतल्या पेट्रोलचा चिकट डिंक होतो, रिंगा गंजतात. सर्वसाधारण हिशोब असा की नीट सांभाळलेलं पेट्रोल इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं इंजिन) दीड हजार तासांपर्यंत जातं, डिझेल पाच हजारांपर्यंत, पण त्यात "सांभाळलेलं" हा शब्द महत्त्वाचा. वर्षाला शंभर तास चाललेली आणि दर शंभर तासांनी ऑइल बदललेली बोट मी डोळे झाकून... नाही, डोळे उघडेच ठेवून, पण आधी बघायला जाईन. आणि मीटर बदलता येतो हो. इलेक्ट्रॉनिक इंजिन असेल तर कंपनीचं मशीन लावून आतले तास काढा, किती आरपीएमला किती तास चाललं तेही निघतं बऱ्याच इंजिनांत.

प्रश्न: मालवणात पर्यटकांना फिरवायला आणि स्नॉर्कलिंगला बोट घ्यायची आहे. दोन पर्याय आहेत. एक फायबरची ३० फुटी, मध्ये लेलँडचं डिझेल इंजिन, पेटीखाली. दुसरी थोडी नवीन, दोन ११५ हॉर्सपॉवरची फोर स्ट्रोक आउटबोर्ड, दिसायला एकदम मस्त. मेकॅनिक दोन्हीकडे बघून म्हणाला "इंजिन बरा आसा". मग ठरवायचं कसं? – वाचक, तारकर्ली

उत्तर: ताई, मेकॅनिक खोटं नाही बोलला, इंजिन बरा असेलही. तुमचा धंदा मात्र सीझनचा आहे, दिवाळी, ख्रिसमस, मे महिना, त्या दिवसांत बोट दोन दिवस बंद राहिली तर वर्षाचं गणित बिघडतं. म्हणून इंजिन चांगलं आहे का यापेक्षा बिघडलं तर किती वेळात सुरू होतं हे बघा.

डेकच्या मध्यावर पेटी, पेटी उचलली की इंजिन उघडं, चारही बाजूंना माणूस बसू शकतो. दिसायला काही नाही, पर्यटक त्याच पेटीवर बसून वेफर्स खातात. पण आमच्या कोळी आणि गाबीत लोकांनी पिढ्यान् पिढ्या इंजिन असं उघड्यावर ठेवलंय ते उगीच नाही, भर समुद्रात तांडेलला पेटी उचलून हात घालता आला पाहिजे. लाखो रुपयांच्या लक्झरी बोटी बनवणाऱ्यांना ही अक्कल अजून यायचीय, ते इंजिनावर गादी घालतात. लेलँडचा फिल्टर, बेल्ट, गॅस्केट कणकवलीत नाहीतर कुडाळात मिळून जातं, हा दुसरा फायदा. इथे बघायचं ते असं: शाफ्ट जिथे बाहेर जातो तिथल्या ग्लँडपर्यंत हात आणि दोन पाने जातात का, कारण शाफ्टभोवती पाणी अडवणारं पॅकिंग आवळावं लागतं. चालू असताना थेंब थेंब पडलाच पाहिजे, बंद असताना नाही. धार लागली असेल तर पॅकिंग गेलंय, अजिबात थेंब नसेल आणि ग्लँडला हात लावल्यावर चटका बसत असेल तर आवळून आवळून शाफ्ट खाल्लाय. हीट एक्स्चेंजर असेल तर त्याच्या टोकासमोर त्याच्या लांबीएवढी मोकळी जागा आहे का बघा, आतला नळ्यांचा गठ्ठा सरळ बाहेर ओढायचा असतो, समोर डिझेलची टाकी असली की टाकी काढा, टाकी काढायला पेटी तोडा, असं सुरू होतं.

आउटबोर्डचा फायदा वेगळा. सगळं इंजिन बोटीच्या बाहेर, ओहोटीला वाळूवर बोट टेकली की मागे उभं राहून काम करता येतं, वर टिल्ट करता येतं, बोटीच्या आतली जागा मोकळी, आणि पावसाळ्यात मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत जलपर्यटन बंद असतं तेव्हा बोट शाकारून इंजिन उतरवून घरात ठेवता येतं. चाळीसचं टू स्ट्रोक असतं तर चार माणसांनी टेम्पोत टाकलं असतं, तुमची ११५ ची मात्र एकेक पावणेदोनशे किलोच्या आसपास, त्याला चेनपुली पाहिजे. कव्हर काढून बोल्टच्या डोक्यांवर पांढरा मीठाचा थर आहे का बघा. खाली गिअर ऑइलचा स्क्रू सैल करून दोन थेंब काढा, दुधाळ निघालं तर सील गेलंय. गोड्या पाण्याने रोज फ्लश करायचे का ते मालकाला नका विचारू, त्याच्या पोराला विचारा. नळ कुठे आहे तो दाखवायला सांगा, नळच नसेल तर उत्तर मिळालं. आणि इंजिन टिल्ट करून त्याच्या पायावर जोर देऊन बघा, मागची फळी म्हणजे ट्रान्सम हलतोय का, आतला प्लायवूड कुजला असेल तर फायबर वरून चांगलं दिसतं आणि इंजिन ओढलं जातं.

अजून एक, याबद्दल कोणी बोलत नाही. पंपावर आता ई-२० पेट्रोल आहे, वीस टक्के इथेनॉल. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तकात दहा टक्क्यांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉल पाणी ओढतं, बोटीची टाकी हवेला उघडी असते आणि आपल्या किनाऱ्याची हवा तुम्हाला माहीतच आहे, पापड दोन दिवसांत मऊ पडतो. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल पाण्यासकट पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिनाची नळी तळातूनच ओढते. जुन्या रबरी पाइपलाही ते मानवत नाही. त्यामुळे जुनी आउटबोर्ड घ्यायची तर पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर, हात पोचेल आणि वाटी दिसेल अशा जागी, आणि पावसाळ्याआधी टाकी रिकामी. डीलरला तुमच्या मॉडेलचं ई-२० बद्दल लेखी विचारा.

मी तुमच्या जागी असतो तर पेटीवाली घेतली असती. स्नॉर्कलिंगवाले मागून चढतात तेव्हा इंजिन बंदच ठेवायचं, हे दोन्ही बोटींना लागू. प्रवासी नेणार म्हणजे मेरीटाइम बोर्डाचे कागद, सर्व्हे, माणसांची क्षमता, लाइफ जॅकेट, हे सगळं पैसे देण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा, "ट्रान्सफर होऊन जाईल" यावर विसंबू नका.

प्रश्न: न्यू जर्सीत राहतो. ३४ फुटी एक्स्प्रेस क्रूझर बघितलीय, २००४ ची, दोन पेट्रोल व्ही-८, व्ही-ड्राइव्ह. ब्रोकर म्हणतो सर्व्हे क्लीन आला. बायको म्हणते ओहायोतली लेक एरीवरची बोट घे, खारं पाणी लागलेलं नसतं. तिचं बरोबर आहे का? – वाचक, एडिसन

उत्तर: बायकोचं बरोबर आहे. (हे उत्तर कापून फ्रिजवर लावा.) गोड्या पाण्यातल्या बोटीचे मॅनिफोल्ड, ब्लॉक, नटबोल्ट खाऱ्या पाण्यातल्या बोटीपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. पण तिकडे वेगळा शत्रू आहे, थंडी. हिवाळ्यात इंजिनातलं पाणी नीट काढलं नाही, गुलाबी अँटीफ्रीझ घातलं नाही तर पाण्याचा बर्फ होऊन ब्लॉक तडकतो, कधी बाहेरून दिसतो, कधी आतल्या आत. दर वर्षीची विंटरायझिंगची बिलं मागा, सलग, एक जरी वर्ष गायब असेल तर त्या वर्षाचं विचारा. ब्लॉकच्या बाजूला वेल्डिंगचा किंवा इपॉक्सीचा माग दिसला तर बोट तिथेच ठेवून परत या.

आता व्ही-ड्राइव्ह. यात इंजिन उलटं बसवतात, गिअरबॉक्स पुढच्या तोंडाला, आणि शाफ्ट तिथून वळून परत इंजिनाच्याच खालून मागे जातो. डिझायनरला केबिन मोठी मिळते, तुमच्या बायकोला मागे एक बेडरूम जास्त मिळते, आणि ग्लँड जातो इंजिनाच्या पोटाखाली. पॅकिंग आवळायचं तर पोटावर झोपून, डोकं खाली, हात पुढे, गरम इंजिन पाठीवर. म्हणून अशा बोटींत ड्रिपलेस, म्हणजे थेंब न पडणारे, सील बसवलेले असतात, पण त्याचेही रबरी बेलो जुने होतात आणि तेही तिथेच असतात. ते शेवटचं कधी बदललं, आणि बदलायला बोट बाहेर काढली होती का, विचारा.

सर्व्हे क्लीन म्हणजे कुणाचा सर्व्हे? बोटीचा सांगाडा बघणारा सर्व्हेअर इंजिन उघडत नाही, तो तसं रिपोर्टात लिहितो पण बारीक अक्षरात. ब्रोकरने आणलेला नको, तुमचा माणूस पाहिजे, सॅम्स किंवा नॅम्स या तिकडच्या मरीन सर्व्हेअरांच्या संघटनांचा, आणि इंजिनासाठी वेगळा मरीन मेकॅनिक. त्याला सोळाच्या सोळा सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्यायला सांगा, ऑइलचा नमुना लॅबला पाठवा, समुद्रात नेऊन पूर्ण थ्रॉटल द्या आणि दोन्ही इंजिनं कंपनीने सांगितलेल्या आरपीएमपर्यंत जातायत का बघा. एक इंजिन दोनशे-तीनशेने मागे पडत असेल तर कारण निघेपर्यंत चेक लिहू नका.

जनरेटर विसरू नका. ३४ फुटीत तो बहुतेक असतोच, आणि तो कायम दोन इंजिनांच्या मागे नाहीतर बाजूला कोंबलेला असतो, आवाज येऊ नये म्हणून वर पेटी. त्याचाही इम्पेलर, ऑइल, झिंक (गंजापासून वाचवणारा जस्ताचा तुकडा) असतं. मी आतापर्यंत जेवढे बंद जनरेटर बघितले त्यातले बरेचसे खराब नव्हते, फक्त कुणाचा हात पोचत नव्हता म्हणून कुणी बघितलं नव्हतं. पेटीचं पुढचं पॅनल काढायला इंजिन हलवावं लागतंय का बघा. आणि इंजिन बाहेर काढायची वेळ आलीच तर वाट कुठून आहे? चांगल्या बोटीत कॉकपिटच्या फ्लोअरमध्ये स्क्रूने बसवलेला मोठा तुकडा असतो, तो काढला की इंजिन क्रेनने सरळ वर. काही बोटींत वर फायबरचं हार्डटॉप आडवं येतं, तिथे एक्झॉस्ट, जनरेटर, टाकी काहीही बदलायचं म्हटलं की मरीनावाला आधी खुर्चीत बसतो आणि मग आकडा सांगतो.

२००४ ची असल्यामुळे एक सुटका आहे, २०१० पासून तिकडे पेट्रोल इनबोर्डना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागले, त्यामुळे नंतरच्या इंजिनांचे एक्झॉस्टचे पार्ट आणखी महाग आणि आणखी मोठे.

प्रश्न: बोटीचा अल्टरनेटर गेलाय, कारचा तसाच दिसणारा अर्ध्या किमतीत मिळतोय. गॅरेजवाला म्हणतो सेम टू सेम. बसवू? – वाचक, नवी मुंबई

उत्तर: पेट्रोल इनबोर्ड असेल तर नको, नको, नको. मरीन अल्टरनेटर आणि स्टार्टर आतून असे बंद केलेले असतात की ठिणगी बाहेरच्या वाफेला लागू नये. कारचं इंजिन उघड्या हवेत असतं, बोटीचं बंद खोलीत. जुनी बोट बघायला जाल तेव्हाही अल्टरनेटर, स्टार्टर, डिस्ट्रिब्यूटरवर मरीनचा शिक्का आहे का बघा, मागच्या मालकाने पैसे वाचवले असतील तर ते तुमच्या जिवावर.

प्रश्न: मुरूडला एक बोट बघितली, सगळं पसंत आहे. फक्त इंजिनाचं झाकण बटणावर उघडतं आणि त्या दिवशी बॅटरी डाउन होती म्हणून उघडलंच नाही. मालक म्हणतो आत सगळं ओके आहे, टोकन देऊन ठेवा, दुसरं गिऱ्हाईक आहे. देऊ का? – वाचक, महाड

उत्तर: बॅटरी कुठे आहे विचारलंत का? बहुतेक त्याच झाकणाखाली असणार. म्हणजे बॅटरी चार्ज करायला झाकण उघडायचं आणि झाकण उघडायला बॅटरी चार्ज पाहिजे, ही रचना करणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचंय. अशा बोटींत उचलणाऱ्या दांड्याला एक पिन असते, बाहेरून किंवा बाजूच्या लहान झाकणातून हात घालून ती ओढली की झाकण हाताने उचलता येतं, दोन माणसं लागतात. मालकाला ती पिन माहीत नसेल तर त्याने ते झाकण फारसं उघडलेलं नाही.

टोकन देऊ नका. जंप केबल आणि चार्ज असलेली बॅटरी घेऊन जा, बऱ्याच बोटींत डॅशखाली किंवा केबिनच्या स्विचपाशी तारेची टोकं मिळतात तिथून करंट देता येतो. झाकण उघडलं की ते वर धरणारे गॅसचे दांडे तपासा, हात आत असताना झाकण खाली आलं तर बोटं जातात, म्हणून मी कायम एक लाकडी टेकू घेऊन फिरतो. आग विझवायचं भोक आहे का तेही बघा, झाकण न उघडता बाहेरूनच फवारा मारता यावा म्हणून साधारण रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं भोक असतं, बरेच जण त्यावर गाद्या ठेवतात. मग वर ठाण्याच्या वाचकाला सांगितलंय तसं आडवे व्हा. जंजिऱ्यासमोर काढून पाठवलेला बोटीचा फोटो छान आलाय, पण पुढच्या वेळी झाकण उघडून आतला पाठवा, डाव्या बाजूचा आणि उजव्या बाजूचा वेगळा.